घाम की गळती?

आमच्या बेळगावकडे बाहेरगावी असलेल्या भावाची चौकशी करण्याची एक ठरलेली रीत आहे. पुण्यात असला तर "कुठल्या कंपनीत?", बंगळूरला असला तर "पॅकेज किती?" आणि आखातात असला तर "परत कधी येणार?" माझा धाकटा भाऊ बडोद्याला आहे. तो काय करतो असं कुणी विचारलं की "हीट एक्स्चेंजरच्या टेस्टिंगचं बघतो" असं मी सांगते. समोरचा माणूस "अस्सं, अस्सं" म्हणतो आणि विषय पावसाकडे नेतो. विचारणाऱ्याचा दोष नाही. मी स्वतः मराठी घेऊन एम. ए. झालेली, वर्गात अलंकार आणि छंद शिकवणारी. त्या तीन शब्दांच्या पलीकडे मलाही कुठं काय ठाऊक होतं?

गेल्या सुटीत आठ दिवस त्याच्याकडे राहून आले, तेव्हा थोडंफार समजलं. जे समजलं ते यंत्रांपुरतं नव्हतं, म्हणून आज वाचकांना सांगावंसं वाटतं.

बडोदा आपल्याला परकं नाही. गायकवाडांच्या काळापासून तिथं मराठी घरं आहेत. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली आणि आसपास रसायनांचे, खतांचे कारखाने उभे राहिले. त्यांना लागणारी टाक्या, पात्रं, नळ्यांची कामं करणारे अनेक छोटे-मोठे वर्कशॉप त्या परिसरात आहेत. भाऊ मांजलपूरला राहतो आणि स्कूटरवरून मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. आमच्या उद्यमबागेची आठवण व्हावी अशीच ती वसाहत. तीच गेटवरची चहाची गाडी, तोच लोखंड कापल्याचा वास.

तर हीट एक्स्चेंजर म्हणजे काय? आपल्या आजीच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा. मधोमध नळकांडं, त्यात जळण, आणि भोवती पाणी. आग पाण्याला शिवत नाही, पाणी आगीला शिवत नाही. मधला तांब्याचा पत्रा तेवढा उष्णता इकडून तिकडे पोचवतो. हीट एक्स्चेंजर हा त्या बंबाचाच अवाढव्य भाऊबंद. फरक इतकाच, की एका नळकांड्याच्या जागी शेकडो बारीक नळ्या असतात. नळ्यांच्या आतून एक पदार्थ वाहतो, बाहेरून दुसरा. एक तापतो, दुसरा निवतो, आणि दोघांची गाठ कधी पडू द्यायची नसते.

या नळ्यांच्या जुडग्याला ट्यूब बंडल म्हणतात. मी पाहिलं त्या बंडलमध्ये ६१२ नळ्या होत्या. प्रत्येक नळी करंगळीपेक्षा जराशी जाड, १९ मिलिमीटरची, आणि सहा मीटर लांब. सगळ्या एकीपुढे एक मांडल्या तर साडेतीन किलोमीटरहून लांब रांग होईल. दोन्ही टोकांना पोलादाच्या जाडजूड गोल तबकड्या, त्यांना चाळणीसारखी भोकं, आणि प्रत्येक भोकात एका नळीचं तोंड बसवलेलं. या तबकडीला ट्यूबशीट म्हणायचं. असं बंडल एका मोठ्या आडव्या पिंपात सरकवतात. त्या पिंपाचं नाव शेल.

वर्षानुवर्षं चालून नळ्या झिजतात, गंजतात, त्यांना बारीक भोकं पडतात. एखाददुसरी गळाली तर तिच्या दोन्ही तोंडांना बुच मारून तिला निवृत्त करतात. पण बुचं वाढत गेली की काम मंदावतं. मग शेल तोच ठेवून आतलं बंडल तेवढं नवं करून घेतात. माझ्या भावाच्या वर्कशॉपात मुख्यतः हेच काम चालतं. जुन्या पेटीला नवा गाभा!

नळी आणि तबकडी यांचा सांधा हा सगळ्यात नाजूक भाग. भोकात नळी घातल्यावर आतून फिरणारं रूळांचं हत्यार घालून ती फुगवतात, म्हणजे ती भोकाच्या भिंतीला घट्ट चिकटते. पुष्कळदा तोंडाशी वेल्डिंगही करतात. कमी फुगवली तर गळते, जास्त फुगवली तर तिची भिंत पातळ होऊन ती लवकर मरते. ६१२ नळ्या म्हणजे दोन्हीकडचे मिळून १२२४ सांधे. त्यातले १२२३ उत्तम आणि एकच कच्चा, तरी बंडल नापास. भावानं हा हिशेब सांगितला तेव्हा मला पस्तीस गुणांना पास करणारी आमची परीक्षापद्धत आठवली आणि मी गप्प बसले.

खरं सांगायचं तर हे काम आमच्या घरात नवं नाही. आमचे अण्णा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलिंग हाऊसला फिटर होते. आम्ही कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. हंगाम संपून धुराडं थंड झालं की बाहेरच्यांना वाटायचं, आता कामगारांना विश्रांती. अण्णांची धावपळ तेव्हाच सुरू व्हायची. उसाचा रस आटवणाऱ्या मोठ्या पात्रांतही शेकडो नळ्या उभ्या असतात. आतून रस, बाहेरून वाफ. हंगामभर रस आटून नळ्यांना आतून खरवड धरते. ती ब्रशनं काढायची, आणि मग वाफेच्या बाजूला पाणी भरून दाब द्यायचा. मी डबा घेऊन जायची तेव्हा अण्णा बॅटरी घेऊन पात्राच्या तोंडातून आत उतरलेले असायचे. नुसता आवाज यायचा, "डबा ठेव गं तिथं. अजून दोन ओळी राहिल्यात."

एका नळीच्या गळतीनं एवढं काय होतं, हे मी एकदा त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "रस वाफेच्या पाण्यात जातो. तेच पाणी परत बॉयलरला जातं. बॉयलरला साखर चालत नाही." कारखान्याच्या प्रयोगशाळेतली पोरं दिवसरात्र त्या पाण्याचे नमुने तपासत. त्यात अल्फा नॅफ्थॉल आणि आम्ल घातल्यावर जांभळट कडं दिसलं की सगळीकडे पळापळ व्हायची. माणसाच्या लघवीतली साखर तपासावी, तशी कारखान्याच्या पाण्यातली साखर! रिफायनरीत किंवा रसायनाच्या कारखान्यात नळीच्या आत-बाहेर काय असतं याचा विचार केला, तर साखर हा फारच सोज्वळ पदार्थ म्हणायचा. तिथं पेटणारं तेल असतं, विषारी वायू असतात.

म्हणूनच नवं बंडल पाठवण्याआधी त्याची दाबाची परीक्षा घेतात. तिला सगळे 'हायड्रो' म्हणतात. मला पहिला प्रश्न पडला तो असा, की सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरून बुडबुडे बघतात, तसं इथं का करत नाहीत? पाणी कशाला हवं?

भावानं खडूनं जमिनीवर आकडे मांडले. हजार लिटर हवा वीस बार दाबाला आणली तर ती आकसून साधारण पन्नास लिटर होते. म्हणजे ताणलेल्या स्प्रिंगसारखी ती आत दबा धरून बसते. काही फुटलं तर ती एकदम सुटते आणि लोखंडाचे तुकडे सोबत घेऊन जाते. हजार लिटर पाण्यावर तेवढाच दाब दिला तर ते जेमतेम एक लिटरनं आकसतं. कुठं चीर गेली तर थोडं पाणी उडतं आणि दाब कोसळतो. "अक्का, हवेची परीक्षा घेताना परीक्षकच मरायचा. पाण्याच्या परीक्षेत बहुतेक वेळा कपडेच भिजतात." म्हणून पाणी भरताना वरच्या बाजूची तोटी उघडी ठेवतात आणि एकही बुडबुडा न येता धार लागेपर्यंत ती बंद करत नाहीत. आत हवा अडकून राहिली तर पाणी वापरल्याचा अर्थच उरत नाही.

दाब किती द्यायचा याचे नियम आहेत. जगभर मानला जातो तो अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेचा, म्हणजे 'एएसएमई'चा कोड. त्याच्या मुळाशी एक दुर्घटना आहे. २० मार्च १९०५ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन गावी जोड्यांच्या कारखान्यातला बॉयलर फुटला आणि ५८ माणसं गेली. त्यानंतर त्या राज्यानं १९०७ साली बॉयलरचे कायदेशीर नियम केले आणि पुढं १९१५ साली हा कोड छापून आला. पात्र ज्या दाबाला चालवायचं त्याच्या दीडपट दाब पूर्वी चाचणीला देत. आता किमान १.३ पट देतात. शिवाय पात्र गरम चालणार असेल तर गरम धातू थोडा नरम पडतो, त्याचाही हिशेब त्यात धरतात.

आमच्या बंडलला सोळा बारवर काम करायचं होतं, म्हणून चाचणी जवळजवळ २१ बारला. घरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा साधारण एक बार दाब जास्त असतो. इथं त्याच्या वीसपट. तळहाताएवढ्या, म्हणजे शंभर चौरस सेंटीमीटर जागेवर दोन टनांचा रेटा बसतो. हे ऐकल्यावर मी खुर्ची दहा पावलं मागं घेतली. भाऊ हसला आणि म्हणाला, "बरोबर केलंस. झाकणासमोर कुणी उभंच राहायचं नसतं."

आता जे सांगणार आहे ते समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बंडलची परीक्षा दोन बाजूंनी घेता येते. एक, नळ्यांच्या आत पाणी भरून दाब द्यायचा. हे सोपं असतं. दोन्ही टोकांना झाकणं बसवली की झालं. पण झाकणांखाली सांधे झाकले जातात आणि पाणी बाहेर येतं ते नळ्यांच्या गर्दीत. कडेच्या नळ्या दिसतात, मधल्या कोण बघणार? दुसरी पद्धत उलटी. बंडल शेलमध्ये घालायचं, पाणी नळ्यांच्या बाहेरून भरायचं आणि नळ्यांची तोंडं मोकळी ठेवायची. मग जो सांधा किंवा जी नळी कच्ची असेल तिच्याच तोंडाशी पाणी दिसतं. १२२४ सांधे आणि १२२४ ठिकाणी डोळ्यांनी बघायची सोय. पण नव्या बंडलचा शेल असतो गिऱ्हाइकाच्या कारखान्यात. म्हणून वर्कशॉपला चाचणीपुरता एक वेगळा शेल तयार करावा लागतो. त्याला वेळ लागतो आणि पैसेही.

भाऊ आधी दुसऱ्या एका कंपनीत होता. नाव सांगण्यात अर्थ नाही. तिथं एकदा असंच घाईचं बंडल होतं. गिऱ्हाइकाचा कारखाना देखभालीसाठी बंद ठेवलेला आणि तिकडून दर दोन तासांनी फोन. नळ्यांच्या आतून दाब दिला. तासाभरात गेजचा काटा २१ वरून साडेवीसवर आला. बाहेरून कुठं पाणी दिसेना. वरिष्ठ म्हणाले, संध्याकाळ झाली, पाणी गार झालं, म्हणून दाब उतरला. हे शास्त्राला धरूनच आहे. कोंडलेलं पाणी उन्हात तापलं की काटा चढतो, निवलं की उतरतो. भाऊ म्हणाला, "तेच कारण असेल तर आनंदच आहे. पण ते आपल्याला कसं कळलं? चाचणीचा शेल करून बाहेरून दाब देऊन बघू या." शेल तयार नव्हता. चार दिवस लागले असते. "चार दिवस कुठून आणू? तू सही कर," असा हुकूम आला.

त्यानं सही केली नाही. दुसऱ्या कुणीतरी केली आणि बंडल ट्रकवर चढलं. भावाची बदली स्टोअरला झाली, म्हणजे नट-बोल्ट मोजायला. तीन आठवड्यांनी त्यानं राजीनामा दिला.

पुढचे सात महिने आमच्या दोन्ही घरांनी कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. फ्लॅटचे हप्ते चालू होते, पोरगी दहावीला होती. त्याच्या बायकोनं एका बालवाडीत नोकरी धरली. इकडं बेळगावात नातेवाइकांनी आपापली मतं द्यायला सुरुवात केली. मामा म्हणाले, "एक सही केली असती तर काय बिघडलं असतं? कंपनी त्याच्या बापाची आहे काय?" आई रडून म्हणायची, "चारचौघं करतात तसं करायचं की." या दोघांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. हप्ता थकला की तत्त्व कुणी विकत घेत नाही. अण्णा मात्र एक शब्द बोलले नाहीत. एका सकाळी ते सोसायटीत गेले, मुदत संपायच्या आधीच ठेव मोडली आणि मला म्हणाले, "एवढे बडोद्याला पाठवून दे. मी दिले म्हणून सांगू नको." अर्थात मी सांगितलं.

"त्या बंडलचं पुढं काय झालं?" मी या खेपेला भावाला विचारलं. माझ्या मनात होतं, की ते गळालं असेल आणि याचं खरं ठरलं असेल. गोष्टीत तसंच होतं ना!

तो म्हणाला, "ठाऊक नाही अक्का. बहुतेक चाललंही असेल. नव्याण्णव वेळा चालतंच. मी ते गळेल असं म्हटलंच नव्हतं. बघितलं नाही ते बघितलं म्हणून लिहिणार नाही, एवढंच म्हटलं होतं."

आता ज्या वर्कशॉपात तो आहे तिथली चाचणी मी बघितली. आदल्या दिवशी बंडल चाचणीच्या शेलमध्ये सरकवून ठेवलं होतं. सकाळी खालून पाणी भरायला सुरुवात झाली. वरच्या तोटीतून आधी फुसफुस, मग बुडबुड आणि मग स्वच्छ धार. तोटी बंद. दोन गेज लावलेली, दोन्हींची तपासणी झाल्याची चिठ्ठी अडकवलेली. एकच गेज असेल तर ते खोटं बोलतंय हे सांगणार कोण? मग फडक्यांनी दोन्ही तबकड्या खडखडीत कोरड्या पुसल्या. पंपानं दाब टप्प्याटप्प्यानं चढवला. मध्ये थांबायचं, बघायचं, मग पुढं. २१ ला पोचल्यावर पंप तोडला. अशा कामात किमान अर्धा तास दाब धरून ठेवतात. या गिऱ्हाइकाला एक तास हवा होता. तासानंतर दाब सोळापर्यंत खाली आणला आणि मगच भाऊ बॅटरी घेऊन जवळ गेला.

तो ओळीनं बघत होता. डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ, तशी चाळीसेक मिनिटं. तबकडीवर बऱ्याच ठिकाणी बारीक दव जमलं होतं. मी म्हटलं, "हे तर सगळीकडेच गळतंय."

"हा घाम आहे," तो म्हणाला. "आत गार पाणी, बाहेर पावसाळी हवा. गार पाण्याच्या तांब्याला सुटतो तसा." मग घाम कुठला आणि गळती कुठली, हे ओळखायचं कसं? "पुसायचं आणि थांबायचं. घाम पुसला की कुठंही परत येतो, सगळीकडे सारखा येतो. गळती त्याच जागी परत येते." हे त्याला कुठल्या कोर्समध्ये शिकवलेलं नाही. हे अण्णांचं वाक्य आहे.

खालून सातव्या ओळीत एका नळीच्या तोंडाशी त्यानं तीनदा पुसलं. तिन्ही वेळा पाच-सात मिनिटांनी मोहरीएवढा थेंब त्याच जागी आला. काटा हलला नव्हता. मोहरीएवढ्या थेंबानं तो हलतही नाही. त्यानं पिवळ्या खडूनं गोल केला, कागदावर ओळ आणि नळीचा क्रमांक लिहिला आणि शेठना बोलावलं. शेठ गुजराती, साठीच्या पुढचे. त्यांनी चष्मा वर करून थेंब पाहिला, घड्याळाकडे पाहिलं आणि एक सुस्कारा सोडला. संध्याकाळी ट्रक यायचा होता. दाब काढा, पाणी सोडा, सांधा वाळवा, दुरुस्त करा, परत भरा आणि पहिल्यापासून परीक्षा. दुरुस्त केलेला एकच सांधा बघून चालत नाही, कारण शेजारच्या सांध्यांना धक्का बसलेला असतो. म्हणजे दीड दिवस गेला.

शेठनी गिऱ्हाइकाला फोन लावला. तिकडून बराच वेळ आरडाओरडा ऐकू येत होता. शेवटी फोन ठेवून ते भावाला एवढंच म्हणाले, "कर परत." माझ्यासाठी चहा मागवला आणि मला हिंदीत म्हणाले, तुमच्या भावामुळे माझं वर्षातून चार वेळा नुकसान होतं, तो आला नाही तर मला रोज रात्री झोप येणार नाही. यातली गंमत सोडून दिली तरी उरतं ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी बंडल पास झालं. मग पाणी काढून आत कोरडी हवा सोडली. पाणी राहिलं तर परीक्षेत पास झालेली नळी परीक्षेच्याच पाण्यानं गंजायची. नळ्या स्टेनलेस स्टीलच्या असतील तर पाण्यात क्लोराइड किती आहे तेही आधी तपासतात. लिटरमागं ५० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याची सर्वसाधारण प्रथा आहे. नाहीतर त्या धातूला पुढं बारीक तडे जाऊ शकतात.

एवढी कसून परीक्षा, म्हणजे आता पुढची वीस वर्षं काळजी नाही, असं मी रात्री जेवताना म्हणाले. भावानं मान हलवली आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रे अणुवीज केंद्राची हकीकत सांगितली. तिथं वाफ तयार करणारी पात्रंही एक प्रकारची हीट एक्स्चेंजरच. एकेकात ९,७२७ नळ्या. जुनी काढून नवी बसवली. ३१ जानेवारी २०१२ रोजी त्यातली एक नळी गळाली. नव्या पात्रांनिशी ते युनिट वर्षभरही चाललं नव्हतं. तपासल्यावर दिसलं, की आतल्या वेगवान प्रवाहानं नळ्या थरथरत होत्या आणि एकमेकींवर घासून झिजल्या होत्या. मग जागेवरच १२९ नळ्यांना दाब देऊन पाहिला, तर आठ नापास. शेवटी ७ जून २०१३ रोजी ते केंद्र कायमचं बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला.

"म्हणजे नव्या बंडलला दाब दिला तरी हे कळलं नसतं?" मी विचारलं.

"कसं कळणार? दाब देतो तेव्हा पाणी उभं असतं. थरथर होते ती वाहत्या पाण्यात. आमची परीक्षा एवढंच सांगते, की या दिवशी, एवढ्या दाबाला, गार पाण्यात हे कुठं गळलं नाही. उद्याचं ती सांगत नाही. म्हणून जेवढं सांगते तेवढं तरी खरं पाहिजे."

मी शिक्षिका आहे. आयुष्यभर परीक्षा घेत आले. परीक्षेत सगळं कळत नाही ही तक्रार आम्हीही रोज करतो आणि तिच्या आड पेपर भराभर तपासण्याची सोयही करून घेणारे आमच्यात आहेत. 'नाहीतरी यानं काय सिद्ध होतं?' हा प्रश्न दोन तऱ्हांनी विचारता येतो. एक, कामातून सुटण्यासाठी. दुसरा, हातातलं छोटं काम पुरतं करण्यासाठी. भाऊ दुसऱ्या तऱ्हेनं विचारतो. जगातल्या सगळ्या गळत्या थांबवण्याचा त्याचा दावा नाही. त्याच्यापुढं १२२४ सांधे आहेत, तेवढे त्यानं बघितलेले असतात.

आपल्या सीमाभागातल्या कितीतरी घरांतली मुलं अशा कामांवर आहेत. कुणी कोल्हापुरात फौंड्रीत, कुणी गोव्यात जहाजबांधणीत, कुणी आखातात पाइपलाइनवर. त्यांच्या नावाच्या पाट्या कुठं लागत नाहीत. कागदाच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात त्यांची सही तेवढी असते आणि त्या सहीवर विसंबून दूर कुठंतरी दुसरा कामगार, आपल्यासारखीच घरी माणसं असलेला, त्या पात्राजवळ रात्रपाळीला उभा राहतो. त्याला हा सही करणारा कधी भेटत नाही. आपल्या मुलाला पगार किती हे आपण विचारतोच. तो कशावर सही करतो, हेही एकदा विचारून पाहावं. आणि कधी तो म्हणाला, की मी सही केली नाही, तर हप्त्याची काळजी बोलून दाखवण्याआधी त्याला जेवायला वाढावं.

बेळगावला परतल्यावर मी अण्णांना सगळं सविस्तर सांगितलं. शेल, गेज, कॅलिफोर्निया, शेठचा चहा, काही सोडलं नाही. ऐंशीला आलेले अण्णा आता कमी ऐकतात. कानामागं हात धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एकच विचारलं, "दुरुस्तीनंतर त्यानं शेजारच्या नळ्या बघितल्या काय गं?"

"सगळ्या बघितल्या, अण्णा. पहिल्या ओळीपासून."

"मग झालं," म्हणाले आणि पेपर उचलला.